रेषा कोणी ओढावी?

वाराणसीजवळ गंगा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. घाटांची रांग तिच्या पश्चिम तीरावर आहे. पलीकडच्या पूर्व तीरावर, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, काशीनरेशांचा किल्ला आणि त्याच्या आश्रयाने वाढलेले रामनगर आहे. महिनाभर चालणाऱ्या रामलीलेमुळे, त्याचप्रमाणे लाल बहादूर शास्त्री यांच्या वडिलोपार्जित घरामुळे, हे नाव वाचकांना परिचित असेल. प्रस्तुत प्रकरणात मात्र रामनगरकडे आपणांस निराळ्याच दृष्टीने पाहावयाचे आहे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ह्या एका लहानशा शहराभोवती राज्यकर्त्यांनी वेळोवेळी जितक्या सीमारेषा ओढल्या आणि पुसल्या, तितक्या क्वचितच दुसऱ्या एखाद्या गावाभोवती ओढल्या गेल्या असतील. मतदारसंघाची सीमा म्हणजे नेमके काय, ती कोण ठरवतो आणि त्या सीमेमुळे मतदाराच्या हातात काय उरते, हे समजून घेण्यास रामनगर हे एक चांगले उदाहरण होय.

1911 मध्ये ब्रिटिशांनी बनारस संस्थानाला स्वतंत्र संस्थानाचा दर्जा दिला. भदोही, चकिया आणि रामनगर हे त्याचे मुलूख. वाराणसी शहर मात्र ब्रिटिश अमलाखालीच राहिले. म्हणजे नदीच्या अलीकडे एक राज्य व पलीकडे दुसरे. 1949 मध्ये संस्थान संयुक्त प्रांतात विलीन झाले आणि ही रेषा पुसली गेली. पुढे 1994 मध्ये भदोही आणि 1997 मध्ये चंदौली हे वेगळे जिल्हे झाले. चकिया चंदौलीत गेले. रामनगर त्याच पूर्व तीरावर, चंदौलीच्या अगदी दारात असूनही वाराणसी जिल्ह्यातच राहिले.

आता मतदारसंघांचा नकाशा पाहू या. 2008 मध्ये अमलात आलेल्या फेररचनेनुसार वाराणसी जिल्ह्यात विधानसभेचे आठ मतदारसंघ आहेत. त्यांपैकी रोहनिया, वाराणसी उत्तर, वाराणसी दक्षिण, वाराणसी कँटोन्मेंट आणि सेवापुरी हे पाच मिळून वाराणसी लोकसभा मतदारसंघ होतो. रामनगर ह्यांपैकी कँटोन्मेंट मतदारसंघात आहे. अर्थात हा मतदारसंघ गंगेच्या दोन्ही तीरांवर पसरला आहे. उरलेल्या तिघांपैकी पिंडरा हा मछलीशहर लोकसभा मतदारसंघाला जोडलेला असून अजगरा व शिवपूर हे दोन चंदौलीला जोडलेले आहेत. त्यामुळे असे घडते की, पूर्व तीरावरील रामनगरचा मतदार पश्चिम तीरावरील वाराणसीचा खासदार निवडतो, आणि वाराणसी शहराच्या वेशीला भिडलेल्या शिवपूर मतदारसंघातील मतदार नदीपलीकडच्या चंदौलीचा खासदार निवडतो. ज्या चकियाशी रामनगरचे संस्थानी काळापासूनचे नाते, ते चकिया तर चंदौली जिल्ह्यात असूनही रॉबर्ट्सगंज लोकसभा मतदारसंघात आहे.

हा नकाशा प्रथमच पाहणाऱ्या वाचकास असा संशय येणे स्वाभाविक आहे की, ही कोणाची तरी चलाखी असली पाहिजे. परंतु येथे चलाखीपेक्षा हिशेबाचा भाग अधिक आहे. उत्तर प्रदेशात विधानसभेच्या 403 आणि लोकसभेच्या 80 जागा आहेत, म्हणजे एका खासदारामागे साधारणपणे पाच आमदार येतात. ज्या जिल्ह्यात आठ आमदार असतील त्याचे पाच एकीकडे जातात आणि उरलेल्या तिघांना शेजारी बिऱ्हाड शोधावे लागते. तेव्हा नकाशावरील वेडीवाकडी आकृती हा पक्षपाताचा पुरावा नव्हे. उलट, सरळ व नीटनेटकी आकृती हीदेखील सचोटीची ग्वाही देत नाही. ही दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची असून ती सहसा ध्यानात येत नाही.

त्यासाठी एक कल्पित गाव घेऊ. नदीकाठच्या ह्या गावात नऊ मोहल्ले आहेत व प्रत्येक मोहल्ल्यात सारखेच मतदार आहेत. मोहल्ले तीन ओळींत वसलेले आहेत आणि प्रत्येक ओळीत तीन मोहल्ले आहेत. पहिल्या, म्हणजे नदीलगतच्या ओळीतील डावीकडचे दोन मोहल्ले घाट पक्षाचे आणि उजवीकडचा पेठ पक्षाचा. दुसऱ्या ओळीतही तसेच. तिसऱ्या ओळीतील तिन्ही मोहल्ले पेठ पक्षाचे. अशा रीतीने नऊपैकी पाच मोहल्ले पेठ पक्षाकडे व चार घाट पक्षाकडे आहेत. गावात तीन प्रभाग करावयाचे आहेत. प्रत्येक ओळीचा एक प्रभाग केला तर नकाशा कसा सुबक दिसेल! परंतु पहिले दोन प्रभाग घाट पक्ष जिंकेल आणि पाच मोहल्ल्यांच्या पेठ पक्षाला एकच प्रभाग मिळेल. कारण त्याची बहुसंख्य माणसे तिसऱ्या ओळीत कोंडली गेली व उरलेली पहिल्या दोन ओळींत एकेकटी पडली.

आता तिसरी ओळ तशीच ठेवा. पहिल्या ओळीतील घाट पक्षाचे दोन्ही मोहल्ले आणि दुसऱ्या ओळीतील सर्वांत डावीकडचा, असे तीन मोहल्ले एकत्र करा. उरलेल्या तीन मोहल्ल्यांचा एक काटकोनी प्रभाग होईल आणि त्यात पेठ पक्षाचे दोन मोहल्ले येतील. ह्या वाकड्या नकाशात पेठ पक्षाला दोन प्रभाग मिळतात आणि घाट पक्षाला एक. एकाही मतदाराने आपले मत बदलले नाही, एकही बोगस मत पडले नाही, आणि तरीही गावची सत्ता फिरली. सीमारेषेतील पक्षपात बहुतेक ह्या दोनच मार्गांनी साधला जातो: विरोधकांना एका ठिकाणी कोंडणे, अथवा त्यांना अनेक ठिकाणी विखरून कोठेच बहुमत होऊ न देणे.

ह्या प्रकाराला इंग्रजीत जे नाव पडले त्याची कथा मनोरंजक आहे. 1812 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचे राज्यपाल एल्ब्रिज गेरी यांनी आपल्या पक्षाच्या विधिमंडळाने केलेल्या सिनेट मतदारसंघांच्या फेररचनेवर सही केली. एसेक्स परगण्यातील एक मतदारसंघ इतका लांबलचक व वळणावळणाचा झाला होता की, बोस्टनच्या एका वृत्तपत्राने त्याला पंख आणि नख्या जोडून त्याचे चित्र छापले. सॅलमँडर हे पालीसारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याचे नाव; त्यात गेरींचे नाव मिसळून ‘गेरीमँडर’ असा शब्द तयार झाला. (आडनावाचा उच्चार ‘गेरी’ असला तरी हा शब्द आज बहुतेक ठिकाणी ‘जेरीमँडर’ असाच उच्चारला जातो.) त्या वर्षी विरोधी फेडरलिस्टांना एकूण मते थोडी अधिक मिळूनही गेरींच्या पक्षाने सिनेटच्या 40 पैकी 29 जागा जिंकल्या. स्वतः गेरी मात्र त्याच वर्षी राज्यपालपदाची निवडणूक हरले. राज्यपालपदासाठी सारे राज्य हा एकच मतदारसंघ असतो आणि तेथे रेषा ओढण्यास जागा नसते!

सीमा मुळीच न बदलणे हाही अन्यायाचाच एक प्रकार होय, हे इंग्लंडच्या इतिहासावरून दिसते. 1832 च्या सुधारणा कायद्यापूर्वी ओल्ड सॅरम नावाच्या, वस्ती उरलीच नव्हती अशा टेकडीचे दोन प्रतिनिधी पार्लमेंटमध्ये बसत आणि गिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरचा एकही नसे. तेव्हा फेररचना ही टाळण्याजोगी गोष्ट नाही. लोकसंख्या हलते, तशी रेषाही हलवावी लागते. खरा प्रश्न इतकाच की, ती कोणी व केव्हा हलवावी.

भारताच्या घटनाकारांनी व संसदेने ह्या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते अमेरिकेपेक्षा निराळे आहे. लोकसभा व विधानसभा ह्यांच्या सीमा सत्तारूढ पक्ष ठरवत नाही. त्यासाठी कायद्याने परिसीमन आयोग नेमला जातो. असे आयोग 1952, 1962, 1972 आणि 2002 च्या कायद्यांन्वये नेमले गेले. शेवटच्या आयोगाचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग हे होते. प्रत्येक राज्यातील पाच खासदार व पाच आमदार आयोगाचे सहयोगी सदस्य असतात, परंतु त्यांना मताचा अधिकार नसतो. मतदारसंघ भौगोलिकदृष्ट्या सलग असावा, आणि नैसर्गिक रचना, प्रशासकीय घटकांच्या सीमा, दळणवळणाच्या सोयी व लोकांची सोय ह्यांचा विचार व्हावा, असे कायदा सांगतो. रामनगरच्या बाबतीत ह्यांपैकी दोन कसोट्या परस्परविरुद्ध जातात, हे वाचकाच्या लक्षात आलेच असेल. नदी म्हणते, चंदौलीकडे जा. जिल्ह्याची हद्द म्हणते, वाराणसीत राहा. आयोगाने हद्दीचे ऐकले. दळणवळणाची कसोटी ज्या दिवसांत लावली गेली, तेव्हा सामने घाटाकडून रामनगरला जोडणारा पक्का पूल झालेला नव्हता. तो 2017 मध्ये खुला झाला.

आयोगाच्या आदेशाला न्यायालयात आव्हान देता येत नाही, अशी घटनेच्या 329 व्या अनुच्छेदातील तरतूद आहे आणि 1966 मध्ये मेघराज कोठारी यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. ह्या बंधनाचा हेतू निवडणुका खोळंबू नयेत हा होता. 2024 मध्ये मात्र त्याच न्यायालयाने, आदेश उघडउघड मनमानीचा असेल तर न्यायालयाचे दार अगदीच बंद नाही, असे स्पष्ट केले. आयोगाची पद्धत निर्दोष आहे असाही ह्याचा अर्थ नव्हे. मुस्लिम वस्ती मोठ्या प्रमाणात असलेले काही मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाले आहेत, याकडे सच्चर समितीने 2006 मध्ये लक्ष वेधले होते. तरीदेखील राज्यात सरकार बदलले म्हणून विधानसभेचा नकाशा बदलला, असा प्रकार आपल्याकडे होत नाही, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु हे सारे लोकसभा-विधानसभांपुरते. महानगरपालिकेच्या पायरीवर उतरले की चित्र पालटते.

उत्तर प्रदेशात महानगरपालिकेचे प्रभाग ठरविण्याचा अधिकार 1959 च्या कायद्याप्रमाणे राज्य शासनाकडे आहे. आराखडा प्रसिद्ध होतो, लोकांच्या हरकती मागविल्या जातात आणि शासनच त्यांवर निर्णय घेते. म्हणजे रेषा ओढणारा आणि रेषेविरुद्धची तक्रार ऐकणारा एकच. 2023 च्या निवडणुकीपूर्वी वाराणसी महानगरपालिकेची हद्द वाढविण्यात आली. आजूबाजूच्या अनेक खेड्यांबरोबर रामनगरची नगरपालिका आणि शेजारचे सूजाबादही तीत विलीन झाले. शहराच्या प्रभागांची संख्या 90 वरून 100 झाली. 4 मे 2023 रोजी मतदान झाले, तेव्हा रामनगरच्या नागरिकांनी प्रथमच स्वतःच्या नगरपालिकेचा अध्यक्ष न निवडता वाराणसीचा महापौर निवडण्यासाठी मत दिले.

ह्या बदलाचे मोल कसे करावे? 2011 च्या जनगणनेत रामनगरची लोकसंख्या सुमारे 49 हजार होती आणि तेवढ्या लोकसंख्येसाठी 25 प्रभाग होते. म्हणजे दोन हजार माणसांमागे एक नगरसेवक. त्याच जनगणनेत वाराणसी महानगरपालिकेची लोकसंख्या सुमारे 12 लाख होती. नव्याने आलेली वस्ती बाजूला ठेवून तेवढ्याच लोकसंख्येला 100 ने भागले, तरी प्रभागामागे 12 हजार माणसे येतात. ह्या हिशेबाने रामनगरच्या वाट्याला फार तर चार प्रभाग येतील. जेथे सभागृहच आपले होते, तेथे आता शंभरांतील चार हात वर होणार.

विलीनीकरणाच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते हलके लेखणे योग्य होणार नाही. सांडपाण्याची नळयोजना, पाणीपुरवठा, गंगेत जाणारे नाले अडविणे ही कामे पन्नास हजार वस्तीच्या नगरपालिकेच्या आवाक्याबाहेरची असतात. नदी एक, तीर दोन आणि पालिकाही दोन, ही व्यवस्था गंगेच्या हिताची म्हणता येणार नाही. उलट बाजूने असे म्हणता येते की, गटार तुंबले तर ज्या माणसाला रस्त्यात गाठता येत असे, त्याच्या जागी सहापट मोठ्या प्रभागाचा प्रतिनिधी आला, आणि घरपट्टीचा दर ठरविण्याचे ठिकाण नदीपलीकडे सिगऱ्याला गेले. दोन्ही म्हणणी खरी आहेत. माझ्या मते येथे पक्षपाताचा आरोप करण्यास आधार नाही. परंतु हद्दवाढ हादेखील सीमारेषेचाच निर्णय असतो आणि त्यानेही मताचे वजन बदलते, हे मान्य केले पाहिजे. छोट्या शहराला मोठ्यात मिळवणे म्हणजे आपल्या कल्पित गावातील मोहल्ला दुसऱ्या ओळीत नेऊन बसविणेच होय.

मराठी वाचकास ही गोष्ट दूरची वाटू नये. महाराष्ट्रात, मुंबई सोडून इतर महानगरपालिकांत, एका प्रभागातून किती नगरसेवक निवडावयाचे हेच मुळी स्थिर राहिलेले नाही. 2002 मध्ये तीन, 2007 मध्ये एक, 2012 मध्ये दोन, 2017 मध्ये चार! प्रभाग जितका मोठा, तितका तो पायी पालथा घालणाऱ्या अपक्षाला अवघड आणि संघटित पक्षाला सोपा, हे कोणताही जुना कार्यकर्ता सांगेल. म्हणूनच सरकार बदलले की ही संख्या बदलते. 2019 मध्ये आलेल्या महाविकास आघाडीच्या सरकारने आधी एकसदस्यीय प्रभागाचा कायदा केला, 2021 मध्ये तीनसदस्यीय प्रभाग ठरविले, आणि 2022 मध्ये आलेल्या एकनाथ शिंदे यांच्या सरकारने पुन्हा 2017 च्या रचनेकडे वळण्याचे ठरविले. मुंबईत प्रभाग एकसदस्यीयच राहिले. तेथे भांडण संख्येचे झाले. आघाडी सरकारने 227 प्रभागांचे 236 केले, तर शिंदे सरकारने ऑगस्ट 2022 मध्ये ते पुन्हा 227 वर आणले. लोकसंख्या वाढली म्हणून प्रभाग वाढविले, असे एक पक्ष म्हणे. नवी जनगणनाच झालेली नसताना वाढ कशाच्या आधारावर, असे दुसरा विचारी. रेषा ओढण्याचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून शासनाकडे घेणारा कायदाही मार्च 2022 मध्ये झाला होता. त्यास दोन्ही बाजूंचा पाठिंबा होता, ही बाब बोलकी आहे.

ह्या वादाला इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या प्रश्नाची जोड मिळाली. उत्तर प्रदेशातही तेच झाले: 27 डिसेंबर 2022 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरक्षणाची अधिसूचना रद्द केली आणि निवडणूक मे महिन्यापर्यंत लांबली. तेथे काही महिने गेले. महाराष्ट्रात वर्षे गेली. मुंबई महानगरपालिकेची मुदत 7 मार्च 2022 रोजी संपली आणि पुढील मतदान 15 जानेवारी 2026 रोजी झाले. मधल्या जवळजवळ चार वर्षांत देशातील सर्वांत श्रीमंत पालिकेत एकही नगरसेवक नव्हता. कारभार प्रशासकाच्या हाती होता. नकाशाच्या भांडणात कोणता पक्ष जिंकला हे सांगता येईल, परंतु तेवढा काळ मतदार मात्र कोणत्याच प्रभागात नव्हता.

मग सामान्य मतदाराने काय पाहावे? पहिली गोष्ट म्हणजे आकृतीकडे न पाहता आकड्यांकडे पाहावे. प्रभागांची लोकसंख्या सारखी आहे काय? एकच मोहल्ला, एकच चाळ दोन प्रभागांत चिरली गेली आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मागील निवडणुकीची केंद्रवार मते नव्या नकाशावर मांडली तर काय निघते? मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या पत्रिका मिसळून मोजल्या जात. मतदानयंत्रे आल्यापासून कोणत्या केंद्रावर कोणाला किती मते पडली हे उघड दिसते. ह्या माहितीचा उपयोग कोंडणाऱ्याला व विखुरणाऱ्याला होतो, हे खरेच. पण तीच माहिती हरकत घेणाऱ्या नागरिकालाही उपलब्ध असते. हरकतीची मुदत थोड्या दिवसांची असते आणि आराखडा कार्यालयाच्या फलकावर लागतो, तेव्हा बहुतेकांच्या ते गावीही नसते. प्रभाग कळतो तो मतदानाची चिठ्ठी हाती आल्यावर.

मतदारांनी स्वतः निर्णय घेतला तर पक्षपात टळतो, असे समजण्याचेही कारण नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये, पक्षीय फायद्यासाठी केलेली फेररचना हा संघीय न्यायालयांच्या कक्षेतील विषय नाही, असा निर्णय दिला. ऑगस्ट 2025 मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने, नव्या जनगणनेची वाट न पाहता, रिपब्लिकन पक्षाला आणखी पाच जागा मिळाव्यात अशा बेताने नकाशा बदलला. कॅलिफोर्नियातील मतदारांनी 2008 आणि 2010 मध्ये सार्वमताने हे काम राजकारण्यांच्या हातून काढून नागरिकांच्या आयोगाकडे सोपविले होते. त्याच मतदारांनी 4 नोव्हेंबर 2025 रोजी, टेक्सासला उत्तर म्हणून, आयोगाचा नकाशा काही निवडणुकांपुरता बाजूस सारून डेमोक्रॅटिक पक्षाला अनुकूल असा नकाशा बहुमताने मंजूर केला. एकाचा अन्याय दुसऱ्याच्या अन्यायाने तोलावा की नाही, ह्यावर तेथे घरोघर वाद झाला. ह्या वादात दोन्ही बाजूंना न्यायाचीच भाषा बोलता आली.

भारतात पुढील फेररचनेची पूर्वतयारी जनगणनेने होते. 2027 च्या जनगणनेसाठी 1 मार्च 2027 हा देशाच्या बहुतेक भागाचा संदर्भदिन ठरविण्यात आला, आणि त्यासाठी प्रशासकीय सीमा 31 डिसेंबर 2025 नंतर बदलू नयेत असे राज्यांना कळविण्यात आले. 2008 च्या रचनेच्या वेळी रामनगर ही स्वतंत्र नगरपालिका होती, म्हणून ती एक अखंड घटक म्हणून एकाच मतदारसंघात गेली. नव्या गणनेत तिची नोंद वाराणसी महानगरपालिकेच्या काही प्रभागांच्या रूपाने होईल. मतदारसंघांची सीमा ठरविताना महानगरपालिकेचे प्रभाग सुटे सुटे वाटता येतात. नगरपालिका सहसा फोडली जात नाही.